विजेचे सेकंद मोजायला पाचवीच्या मुलांना शिकवावं का?

मेघगणित
आपत्ती व्यवस्थापनाच्या तक्त्यांवर ३०-३० चा नियम असतो. वीज चमकली की मोजायला लागा. ३० सेकंदांच्या आत गडगडाट आला तर आत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडू नका. दुसऱ्या ३० बद्दल तक्रार नाही. पहिलं मात्र पाचवीला शिकवूच नये.

आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे ३ सेकंदांना १ किलोमीटर. हिशोब चोख आहे, पण मोजणारं पोर घाबरलेलं आहे. ते भराभर मोजत १२ सेकंदांत तिसाला पोचतं. वीज ४ किलोमीटरवर, याच्या लेखी १०! चूक नेमकी जिवावर बेतणाऱ्या बाजूला होते. वळवाच्या पावसात तर एकामागून एक चमकतात. कुठला आवाज कुठल्या विजेचा, मोठ्यांनाही सांगता येत नाही. त्यापेक्षा तीन शब्द पुरेत: ऐकलं की आत.

सहावी_ब
पटलं नाही. नुसता हुकूम पोरं बाई वर्गात असेपर्यंतच पाळतात. दोष मोजण्याच्या रीतीत आहे. 'एक हजार एक, एक हजार दोन' असं म्हणायला लावा आणि सेकंदकाट्यासमोर सराव घ्या, ताल बसतो. शिवाय एका आकड्यापेक्षा ओळीने येणारे आकडे बोलतात. २४, मग १८, मग १२ आले की ढग आपल्याकडे सरकतोय. कारण सांगितलं नाही तर ती जागा 'पायाळू माणसावर वीज पडते' असल्या समजुती घेतात.

मेघगणित
२४ ते १२ कळेपर्यंत पोर मैदानातच उभं! वीज पाऊस पडतोय तिथेच पडते असंही नाही, १० किलोमीटर बाजूला कोरड्यातही उतरते.

बांधावरून
तुमचं भांडण शाळेच्या मैदानापुरतं आहे. मराठवाडा-विदर्भात वळीव येतो तेव्हा पोरं सुट्टीत रानात असतात. तिथे 'आत' म्हणजे कुठे, हे आधी सांगा. चारी बाजूंनी उघडं पत्र्याचं शेड म्हणजे 'आत' नव्हे. पक्कं घर, नाहीतर काचा लावलेली जीप किंवा एसटी. गाडीत वाचवतो तो भोवतीचा पत्रा. टायरच्या रबराचा त्यात काही वाटा नाही. घरातही नळ, खिडकीचे गज, चार्जिंगला लावलेला फोन यांना हात नको.

झाडाचं कारण मुलांना बैलावरून चटकन कळतं. वीज झाडातून जमिनीत उतरली की बुंध्याजवळ विजेचा दाब जास्त, लांब जावं तसा कमी. बैलाच्या पुढच्या-मागच्या पायांत दीड मीटरचं अंतर. तेवढा फरक अंगातून प्रवाह ढकलतो, आणि वाटेत काळीज. म्हणून झाडाला न शिवलेलं जनावरही मरतं.

सहावी_ब
म्हणूनच पाय जुळवून उकिडवं बसायला शिकवतात ना?

बांधावरून
शिकवतात, आणि तिथेच घोळ होतो. पाय जुळवले की जमिनीतून येणारा धोका घटतो. थेट अंगावर पडणारी किंवा झाडावरून उडी मारणारी वीज त्याने थांबत नाही. अमेरिकेच्या हवामान सेवेने ही बैठक सुचवणं सोडून दिलंय, कारण लोक घराकडे पळायचं सोडून बसून राहतात. माझ्या मते घर गाठणं शक्यच नसेल तेव्हाच, झाडापासून लांब, सखल जागी बसावं. अंग जमिनीवर टाकू नये, आणि घोळक्याने बसू नये.

सहावी_ब
हे मान्य. मोजणी मी सोडणार नाही, पण ती आत आल्यावर, खिडकीपासून लांब बसून करू. दामिनी ॲपही दाखवू. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने केलंय, २० आणि ४० किलोमीटरच्या टप्प्यातल्या विजेची सूचना देतं.

मेघगणित
आत बसून खुशाल मोजा. ॲपवर भिस्त ठेवू नका. रानात रेंज नसते, आणि फोन बापाच्या खिशात असतो. एक गोष्ट मात्र तक्त्यावर ठळक हवी: वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही. शॉक बसेल म्हणून लोक हात लावत नाहीत आणि छाती दाबायची पहिली मिनिटं वाया जातात. मिनिटाला १०० ते १२०, ५ सेंटिमीटर खोल.

सहावी_ब
दहा वर्षांच्या पोराला ५ सेंटिमीटर दाबवणार नाही. त्याच्याकडून १०८ पाठ करून घ्या, आणि मोठ्या माणसाला हाक मारायला शिकवा.