सिरियल कन्सोलवर व्हिम कोपऱ्यातच उघडतोय

रात्रपाळी:
मंडळी, काल रात्री व्हीएमच्या (आभासी मशीनच्या) फायरवॉलमध्ये इनपुटची पॉलिसी ड्रॉप केली, म्हणजे बाहेरून येणारं सगळं बंद. २२ पोर्ट मोकळा ठेवायची ओळ राहिलीच. एसएसएच (नेटवर्कवरून आत शिरायची वाट) गेलं. आत डेबियन १२ लिनक्स आहे, खालच्या होस्ट मशीनवर व्हीएम चालवायला केव्हीएम. होस्टवरून ‘व्हर्श कन्सोल’ने, म्हणजे व्हीएमच्या आभासी सिरियल तारेवरून, आत शिरलो, पण खिडकी अख्ख्या स्क्रीनभर असताना व्हिम एडिटर डाव्या कोपऱ्यात रुमालाएवढ्या जागेत उघडतो. रंग नाहीत. लांब कमांड ८० अक्षरांपुढे गेली की खाली न उतरता त्याच ओळीच्या सुरुवातीवर चढते. अशात नियमांची फाइल दुरुस्त कशी करू? बॉड (तारेचा वेग) ९६०० करून पाहिला, ढिम्म फरक नाही.

जुना_डबा:
बॉडला हात लावू नका हो, इथे खरी तारच नाही. एसएसएच खिडकीचं माप आपणहून पलीकडे कळवतं. सिरियलवरून नुसती अक्षरं जातात, मापाला वाटच नाही. म्हणून व्हीएम ८० बाय २४ धरून बसतं. ‘टर्म’ हे टर्मिनलचा प्रकार सांगणारं व्हेरिएबलही सिस्टमडीने (लिनक्सच्या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रामने) ‘व्हीटी२२०’ ठेवलेलं असणार. डेक कंपनीचं १९८३चं एकरंगी टर्मिनल ते, रंग कुठून येणार?

होस्टवर त्याच खिडकीत दुसरा टॅब उघडून ‘एसटीटीवाय साइझ’ मारा. आधी ओळी येतील, मग रकाने. तेच आकडे व्हीएममध्ये ‘एसटीटीवाय रोज’ (ओळी) आणि ‘कॉल्स’ला (रकाने) द्या. वर ‘एक्सपोर्ट टर्म=एक्सटर्म-२५६कलर’.

कोकणकडा:
आकडे कशाला बडवताय? ‘रिसाइझ’ चालवा, एक्सटर्म या टर्मिनलच्या पॅकेजात मिळतं. ते कर्सरला स्क्रीनच्या पार पलीकडे पिटाळतं, तो कोपऱ्यात अडतो, मग ‘कुठे आहेस?’ विचारून माप काढतं. मी लॉगिनवेळी चालणाऱ्या प्रोफाइल फाइलमध्येच टाकलंय, पण टीटीवायएस० (सिरियल पोर्ट) असेल तेव्हाच चालेल असं. खिडकी ताणली की मात्र पुन्हा मारावं लागतं.

रात्रपाळी:
कोकणकडा, ॲप्ट (पॅकेज उतरवणारी कमांड) नुसताच लटकलाय. उत्तरं पण मीच ड्रॉप करतोय ना 😅
एसटीटीवायने झालं, ४७ आणि १६८. व्हिम पूर्ण खिडकीत, फाइल दुरुस्त, एसएसएच परत आलं. आता या कन्सोलमधून बाहेर कसं पडू? कंट्रोल-सी आतच जातो.

जुना_डबा:
कंट्रोल आणि उजवा चौकटी कंस. पण त्याआधी लॉगआउट करा, नाहीतर रूटचा (सगळे अधिकार असलेल्या युजरचा) प्रॉम्प्ट तसाच उघडा राहील. पुढे जो कन्सोल लावेल तो पासवर्डशिवाय थेट आत.