राखेच्या बंधाऱ्यातून सेनोस्फिअर काढून उरलेल्या राखेच्या विटा होतील का?

वीट_नागपूर: कोराडी-खापरखेडा औष्णिक वीज केंद्रांच्या भागात सिमेंट-राखेच्या विटांचं युनिट आहे. आजवर सायलोची (साठवण-टाकीतली) कोरडी राख वापरली, आता बंधाऱ्यातली, म्हणजे पाण्यासोबत सोडून साठवलेली ओली राख घ्यायची आहे. आधी सेनोस्फिअर काढून उरलेली राख विटांना चालेल का? आणि राखेतला ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचा ऑक्साइड) लहान प्रमाणावर निघतो का?

राख_तंत्र: चालेल. पण बंधाऱ्यात सगळीकडे राख सारखी नसते. राख सोडणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी जाड कण बसतात, बारीक राख पार पलीकडच्या टोकाला जाते. विटांना बारीक हवी, म्हणून दोन्ही टोकांचे नमुने वेगळे घ्या.

सेनोस्फिअर म्हणजे पोकळ गोळ्या, त्या पाण्यावर तरंगतात. १ किलो कोरडी राख १० लिटर पाण्यात हलक्या हाताने ढवळा, रात्रभर ठेवा, वरचा थर काढून वाळवा आणि तोला. ५ ग्रॅम निघाले तर अर्धा टक्का, आणि तेवढं खूप झालं. जोरात फिरणारं पातं वापरू नका. गोळी फुटली की बुडाली. वाळलेला माल वाऱ्याने उडतो, तेव्हा आडोशाला वाळवा, तोंडाला एन-९५ मास्क लावा. सेनोस्फिअर काढायला वीज केंद्राची लेखी परवानगी लागतेच.

वीट_नागपूर: वरचा थर काळपट येतो.

राख_तंत्र: तो न जळलेला कोळसा. थर स्वच्छ पाण्यात भिजत ठेवा. कोळशाच्या छिद्रांत पाणी शिरलं की बरेचसे कण खाली बसतात, गोळ्या वरच राहतात. दोन-तीन धुण्यांत रंग उजळतो. धुण्याचं पाणी नाल्यात मुळीच सोडू नका, त्यात आर्सेनिक, बोरॉन उतरू शकतं. टाकीतच फिरवा.

मिक्सर_माप: विटांत खरी गडबड ओलाव्याची होते. १०० किलो कोरड्या मिश्रणात राख ६०, क्रशरची चुरी ३०, सिमेंट १० धरा. राखेत २५ टक्के ओल असेल तर ६० किलो कोरड्या राखेसाठी ८० किलो ओली घ्यावी लागते, म्हणजे २० लिटर पाणी आधीच आलं! दाबयंत्राला साधारण ८-१० लिटर पुरतं. मिश्रण साच्याला चिकटतं, वीट फुगते. ओल १० टक्क्यांवर येईपर्यंत राख पसरून वाळवा आणि रोज तव्यावर १०० ग्रॅम तापवून ओल मोजा. जळण-घट (राख तापवल्यावर घटणारं वजन, मुख्यतः न जळलेला कोळसा) ५ टक्क्यांवर असलेला लॉट घेऊ नका. कोळसा पाणी पितो, ताकद पडते.

धातू_रसायन: ॲल्युमिनाचा नाद सोडा. आपल्या राखेत तो २५-३० टक्के असतो खरा, पण बराचसा म्युलाइट या चिवट खनिजात अडकलेला. साध्या आम्लाला तो दाद देत नाही. चुनखडीसोबत १३०० अंशांच्या आसपास भाजावं लागतं आणि ॲल्युमिनाच्या कितीतरी पट गाळ उरतो. तो खपवायला शेजारी सिमेंटचा कारखाना हवा.