३५ हजारांत घरासाठी लॅपटॉप: सोसायटीच्या ग्रुपवर झालेलं बोलणं

शुक्रवार, रात्री ९ नंतर

बी-३०४: नमस्कार सगळ्यांना. घरात एक लॅपटॉप घ्यायचाय, जरा मार्गदर्शन हवं होतं. मोठी यंदा एफवायबीकॉमला गेली, तिला एक्सेल, प्रोजेक्ट आणि पुढे टॅली लागेल. धाकटा सातवीत. ह्यांना जीएसटीचे रिटर्न भरायचे असतात, सध्या त्यासाठी ऑफिसात उशिरापर्यंत थांबतात. आणि सासूबाई रविवारी नणंदबाईंशी व्हिडिओवर बोलतात, त्यांना मोबाईलवर नीट दिसत नाही. बजेट ३५ हजार, फार ताणलं तर ३८. स्टेशनजवळच्या दुकानात २२ हजारांचा नवा कोरा दाखवला, घरी वापरायला सगळे हाच नेतात म्हणाले. घेऊन टाकू का?

ए-१०२: टॅब घ्या की. हलका असतो, चार्जिंगही टिकतं.

बी-३०४: काका, तोच विचार होता आधी. पण टॅली त्यावर चालत नाही, आणि ह्यांचं सहीचं यूएसबी टोकनही लावायचं असतं.

सी-५०१: वहिनी, प्रोसेसर आय-५च्या खाली घेऊ नका.

ए-४०२: वहिनी, त्या २२ हजारवाल्याच्या खोक्यावर स्टोरेज काय लिहिलंय? फोटो असेल तर टाका.

बी-३०४: ४ जीबी रॅम, ६४ जीबी ईएमएमसी, सेलेरॉन प्रोसेसर.

ए-४०२: नका घेऊ. ईएमएमसी म्हणजे स्वस्त, हळू स्टोरेज. हात जोडून सांगते. लांबलचक लिहितेय, पण वाचा.

जून २०२०मध्ये शाळा ऑनलाइन झाली तेव्हा आम्ही नेमका असाच घेतला होता, १९ हजारांना. पहिले दोन-तीन महिने बरा चालला. मग विंडोज अपडेट मागायला लागलं आणि जागाच नाही. त्या ६४ जीबीतला मोठा वाटा विंडोजच खातं. सी ड्राइव्हची पट्टी कायम लाल, शिल्लक २ जीबी. दर रविवारी मी एकेक फाईल पुसत बसायचे, तरी अपडेट अर्ध्यावर अडकायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. लेक गणिताच्या तासाला बसायचा. व्हिडिओ चालू असताना बाईंनी पाठवलेली पीडीएफ उघडली की सगळं पांढरं. बाई पुढच्या उदाहरणावर गेलेल्या असायच्या, हा डोळ्यांत पाणी आणून स्क्रीनकडे बघत बसलेला. नववीचं अर्धं वर्ष असं गेलं त्याचं.

शेवटी दुरुस्तीला नेला. कारागिराने मागचं झाकण उघडून बोट ठेवून दाखवलं, स्टोरेजची नखाएवढी काळी चिप, थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेली. ताई, ही काढून मोठी बसत नाही, रॅमही तशीच आहे, म्हणाला. म्हणजे काही उपायच नाही. दोन वर्षांत दुसरा घ्यावा लागला. स्वस्त पडला नाही तो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की प्रोसेसरच्या नावात पैसे वाचवले तर चालतात. एसएसडी (म्हणजे वेगवान स्टोरेज), रॅम आणि पडदा यांत वाचवू नका. घरातल्या चौघांना रोज त्रास होतो तो या तिन्हींमुळे.

बी-३०४: बापरे. बरं झालं विचारलं. मग काय बघू?

ए-४०२: एनव्हीएमई, म्हणजे जास्त वेगवान प्रकारची, एसएसडी ५१२ जीबी. रॅम ८, आणि ती वाढवायला आत एक रिकामा स्लॉट आहे का ते विचाराच. दुकानदाराला सांगता आलं नाही तर मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या साइटवर बघायचं, तिथे स्लॉट किती ते लिहिलेलं असतं. क्रोम, टॅली आणि व्हिडिओ कॉल एकदम उघडले की ८ जीबी भरत येते. २०२५च्या दिवाळीपासून रॅमचे भाव फार चढलेत, तेव्हा पुढे बघू म्हणताना हेही धरून चाला. तुमच्या बजेटमध्ये १६ जीबीवाला मिळाला तर तोच घ्या.

सी-५०१: ताई, पण आय-३ पुढे पाच वर्षं पुरेल का? मी आय-५ म्हटलं ते त्यासाठीच.

ए-४०२: दादा, कुठल्या पिढीचा त्यावर आहे. बाराव्या पिढीच्या आय-३ १२१५यूमध्ये सहा कोअर, म्हणजे काम करणारे भाग, आहेत. आठव्या पिढीच्या आय-५ ८२५०यूमध्ये चार, आणि तो २०१७चा. इथे आय-३च पुढे जातो. नंबर ८२५० असा असेल तर पहिला आकडा पिढी सांगतो, १२१५ किंवा ११३५ असा १ने सुरू होणारा असेल तर पहिले दोन. रायझनमध्ये तर जास्तच जपावं लागतं. रायझन ५ ७५२०यू हे नाव ऐकून नवा वाटतो, पण आतली रचना झेन २ म्हणजे २०१९ची. त्यातली रॅमही सोल्डर केलेली असते, नंतर वाढत नाही. त्याच्याशेजारी ठेवलेला ७५३०यू झेन ३चा. एका आकड्याचा फरक, पण लॅपटॉप वेगळाच.

सी-५०१: हे माहीत नव्हतं. मग १२१५यू चालेल, पटलं.

डी-६०२: आमचा २०१५चा पडून आहे, उघडायला दहा मिनिटं लागतात. वहिनींनी तो नेला तरी चालेल, पैसे नकोत.

ए-४०२: काकू, मनापासून छान. पण त्याला विंडोज ११ रीतसर बसणार नाही, इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. आणि विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. ज्यावर जीएसटी आणि बँक उघडायची त्यावर मी ते ठेवणार नाही. तुमच्याचकडे त्यात २४० जीबीची एसएसडी टाका, विंडोजच्या जागी फुकटचं लिनक्स मिंट घाला, भजनं आणि यूट्यूबला मस्त चालेल. मी येऊन बसवून देईन.

ए-१०२: लॅमिंग्टन रोडला कंपन्यांनी काढलेले जुने लॅपटॉप मिळतात ना निम्म्या किमतीत? पुतण्याने नेला होता.

ए-४०२: मिळतात काका, आणि त्यातले चांगले असतात. आमचा दुसरा तसाच आहे, २०२२पासून चालतोय. कीबोर्ड, बिजागरी या गोष्टी घरगुती नव्यापेक्षा दणकट. पण घेताना दुकानातच तासभर बसायची तयारी हवी. तो आठव्या पिढीच्या पुढचा आहे ना ते बघायचं. चालू केल्यावर जुन्या कंपनीचं लॉगिन किंवा बायोस पासवर्ड (विंडोज सुरू होण्याआधीचा) मागतो का ते बघायचं. मागत असेल तर कितीही स्वस्त असो, ठेवून यायचं. विंडोज स्वतःच बॅटरीचा रिपोर्ट काढून देतं, मूळ क्षमता किती आणि आता किती भरते. ४५ हजार मिलिवॉट-अवरच्या जागी २५ हजार दिसले तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून घ्यायचे. आणि पक्कं बिल, त्यावर सीरियल नंबर.

बी-३०४: मला एवढं तपासायला जमेल असं वाटत नाही. आणि मोठी कॉलेजला घेऊन जाणार.

ए-४०२: मग तुम्ही नवाच घ्या. एक वर्षाची घरी येऊन दुरुस्तीची वॉरंटी असलेला. रोज लोकलने न्यायचाय तर दीड-पावणेदोन किलोच्या वर नको.

पडद्याचं राहिलं. सासूबाईंसाठी हे सगळ्यात महत्त्वाचं. फुल एचडी आणि आयपीएस, म्हणजे बाजूनेही नीट दिसणारा, विचारा. दुकानात फक्त समोरून बघू नका. दुकानदाराला कोणाचा तरी चेहरा असलेला व्हिडिओ लावायला सांगा, मग बाजूच्या स्टुलावर बसून बघा, मग पडदा थोडा मागे झुकवा. साध्या टीएन पडद्यात चेहरा काळपट किंवा फोटोच्या निगेटिव्हसारखा दिसायला लागतो. घरी कॉलवर तीन माणसं शेजारी बसतात, एकट्याने समोर बसून कोणी बोलत नाही.

सी-५०१: एमएस ऑफिस, म्हणजे वर्ड-एक्सेल, आयुष्यभराचं आहे की एक वर्षाचं सबस्क्रिप्शन, तेही विचारा वहिनी. नाहीतर वर्षभराने पैसे मागतं.

ए-४०२: बरोबर. नसलं तरी अडत नाही, लिबरऑफिस फुकट आहे. पण मुलीला कॉलेजात एक्सेलच शिकवतील, तेव्हा असलेलं बरं.

शनिवार, संध्याकाळी ७:२०

बी-३०४: जाऊन आलो. दोन बघितले. एक ३४ हजारांचा, रायझन ५ ७५२०यू. मोठीनेच नंबर वाचला आणि मला कोपर मारलं. दुसरा आय-३ १२१५यू, ८ जीबी, ५१२ एसएसडी, ३७,५००. साइटवर बघितलं, एक स्लॉट रिकामा आहे. सासूबाईंना घेऊनच गेले होते. त्यांना बाजूला बसवून दोन्हींवर एकच व्हिडिओ लावला. पहिल्यावर म्हणाल्या, ही बाई आजारी आहे का गं? दुसऱ्यावर म्हणाल्या, हां, हिचं कुंकू दिसतंय. तोच घेतला.

ए-१०२: वा! अभिनंदन.

डी-६०२: पेढे कधी?

ए-४०२: खूप छान वहिनी. खोकं आणि बिल वर्षभर जपून ठेवा. कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकून वॉरंटी आजपासूनच मोजलीय ना ते आजच बघा. कधीकधी दुकानात पडून असल्याच्या तारखेपासून मोजतात, बिल दाखवलं की बदलून देतात.

बी-३०४: बघते लगेच. आणि सगळ्यांनी एकच पासवर्ड ठेवला तर?

ए-४०२: नको. चौघांची चार खाती करा, शिवाय तुमचं एक. अ‍ॅडमिन फक्त तुमचं, धाकट्याचं साधं, म्हणजे तो नको ते इन्स्टॉल करू शकणार नाही. ह्यांच्या रिटर्नच्या फायली त्यांच्याच खात्यात राहतील. मराठीसाठी भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड जोडा, वेगळं काही विकत घ्यायला लागत नाही.

बी-३०४: उद्या रविवार. चार वाजता नणंदबाईंचा कॉल असतो.

ए-४०२: मग मी तीनला येते. सासूबाईंचं खातं आधी करू. अक्षर दीडशे टक्के, आणि समोर एकच मोठं चिन्ह ठेवू, कॉलचं.