शब्दचर्चा : ‘तृतीयपंथी’, ‘पारलिंगी’ आणि वर्गातले क्रियापद

प्रश्न : मी शाळेत मराठी शिकवते. आमच्या नववीच्या मुलांनी मुख्याध्यापकांना देण्यासाठी एक निवेदन लिहिले असून त्याचा विषय ‘तृतीयपंथी वर्गमैत्रिणीस सवलती मिळण्याबाबत’ असा दिला आहे. हजेरी घेताना तिचे तिने सांगितलेले नाव घ्यावे आणि तिला सुरक्षित स्वच्छतागृह मिळावे, एवढीच त्यांची मागणी आहे. ‘तृतीयपंथी’ आणि ‘सवलती’ हे दोन्ही शब्द मला खटकतात. त्यांच्या जागी काय लिहावे?

उत्तर : दोन्ही शब्द खटकावेत असेच आहेत, पण कारणे वेगळी आहेत. ‘पंथ’ म्हणजे मार्ग आणि पुढे त्या मार्गाने जाणाऱ्यांचा संप्रदाय. एखाद्याला आपण नाथपंथी म्हणतो तेव्हा त्याने एक परंपरा स्वीकारली आहे, असे त्यातून सूचित होते. गुरू-चेला परंपरेत राहणाऱ्या समुदायाला हा शब्द लागू पडतो आणि त्यातले अनेकजण तो स्वतःसाठी वापरतातही, म्हणून तो टाकाऊ ठरत नाही. मात्र आईवडिलांकडे राहून नववीत शिकणारी मुलगी कोणत्याही पंथात गेलेली नाही. शिवाय ‘तृतीय’ हा भागही येथे नेमका बसत नाही. तिसरेपणाची कल्पना जुनी आहे. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात ‘तृतीयाप्रकृति’ हा शब्द क्लीब, नपुंसक यांच्या शेजारी येतो. परंतु सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात दिलेल्या निकालात, व्यक्तीने स्वतः ओळखलेल्या लिंगभावाला, मग तो पुरुषाचा असो, स्त्रीचा असो वा तृतीय असो, कायदेशीर मान्यता द्यावी असे म्हटले आहे. तेव्हा जी स्वतःला मुलगी म्हणते, तिला तिसऱ्या रकान्यात घालण्याचे कारण उरत नाही.

त्याऐवजी ‘पारलिंगी’ लिहावे; जन्मावेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा जिचा लिंगभाव वेगळा आहे अशी व्यक्ती, असा त्याचा अर्थ. ‘उभयलिंगी’ टाळावा, कारण जीवशास्त्रात नर आणि मादी या दोन्हींची इंद्रिये असलेल्या सजीवासाठी तो रुळला आहे. ‘पारलैंगिक’ही नको, ‘लैंगिक’ म्हटले की वाचकाचे लक्ष शरीरसंबंधाकडे जाते आणि येथे प्रश्न लिंगभावाचा आहे.

‘सवलत’ देणाऱ्याच्या मर्जीवर असते आणि ती काढूनही घेता येते. नाव आणि स्वच्छतागृह या गोष्टी इतर प्रत्येक विद्यार्थ्याला न मागता मिळतात, म्हणून येथे ‘हक्क’ हाच शब्द हवा. (‘अधिकार’ही चालेल, पण मराठीत त्याला सत्तेचा वास आहे; अधिकारी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर साहेब येतो.)

विषयाच्या ओळीपेक्षाही मला महत्त्वाचे वाटते ते क्रियापद. मराठीत ‘मी वही विसरले’ म्हणताना बोलणारीचा लिंगभाव कळतो आणि ‘तू वही विसरलीस का’ असे विचारताना तो समोरच्याने मान्य केल्याचेही कळते. इंग्रजीत ही अडचण मुख्यतः तिसऱ्या माणसाविषयी बोलताना येते. आपल्याकडे मात्र तोंडावर बोलतानाही अपमान होऊ शकतो आणि त्यासाठी ‘विसरलास’ एवढे एक रूप पुरते. मोठ्यांना यातून पळवाट आहे, कारण ‘तुम्ही विसरलात’ हे रूप सर्वांना सारखेच लागते. भविष्यकाळही मदतीला येतो. ‘तू येशील का’ यात काहीच उघड होत नाही. पण एका बाकावर बसणारी मुले एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणत नाहीत आणि सदा भविष्यकाळातही बोलत नाहीत. ती ‘विसरले’ म्हणाली, मागच्या बाकांवरून हसू आले आणि शेजारणीने नेहमीच्याच आवाजात ‘विसरलीस? घे, माझ्या वहीतले पान फाडून देते’ असे म्हटले, तर निवेदन देण्याआधीच त्या शेजारणीने मैत्रिणीची बाजू घेतलेली असते.

निवेदनात मुलांनी स्वतःविषयी काय लिहिले आहे, तेही पाहा. ‘कैवार घेणे’ यात घेणारा वर आणि दुसरा खाली असतो. ‘तिच्या वतीने’ लिहायचे तर तिची संमती हवी. ती नसेल तर निवेदनात तिचा उल्लेखच नको, कारण घरी तिने अजून सांगितले नसेल आणि हा कागद घरापर्यंत पोहोचू शकतो. संमती असेल तर ‘तिच्यासह आम्ही सर्व विद्यार्थी’ असे लिहिणे मला सर्वांत योग्य वाटते.

प्रश्नकर्ती : मुलांनी मसुदा तिला वाचायला दिला. ‘पारलिंगी’ आणि ‘हक्क’ हे शब्द तिला पटले. ‘तिच्या इच्छेनुसार तिला मुलगी मानावे’ या वाक्यातले ‘तिच्या इच्छेनुसार’ तिने खोडले, थोडा वेळ थांबून ‘तिला’ आणि ‘मानावे’ही खोडले आणि वर बारीक अक्षरात ‘ती मुलगी आहे’ असे लिहिले. आता खाली सह्या घेणे सुरू आहे.