कामेच्छा अजिबात नाही, त्यासाठीची फ्लिबॅन्सेरिन गोळी घेतलेल्या कुणी आहेत का?

अबोली: वय ३६, पाळी नियमित. इच्छा पार गेली आहे. नवरा समजूतदार आहे, म्हणून तर जास्त जिवाला लागतं. त्याने नुसतं जवळ घेतलं तरी पुढच्या धास्तीने मी अंग आखडून घेते. फ्लिबॅन्सेरिनने किती दिवसांत गुण येतो? कृपया 'ताण घेऊ नकोस' सांगू नका, ते सगळं करून झालंय.

सायली_क: कधीपासून? आधी इच्छा व्हायची का? बाळ अंगावर पितंय का? दुसरी औषधं? थायरॉइड, प्रोलॅक्टिन (दूध येण्याचं हार्मोन) तपासलंय?

रानवारा: व्हायग्रा घेऊन बघ. बायकांनाही चालते.

सायली_क: @रानवारा, तिने रक्तपुरवठा वाढतो. इथे मुळात इच्छाच होत नाहीये. उगाच काहीही सुचवू नका.

कुमुद५८: पाळी गेल्यावर मला फार कोरडेपणा आला होता. इस्ट्रोजेनच्या क्रीमने खूप बरं वाटलं. संकोच न करता डॉक्टरांना विचार.

दीपमाळ: मी फ्लिबॅन्सेरिन घेतलंय. १०० मिग्रॅ, रोज रात्री झोपतानाच. 'आज हवी' म्हणून आयत्या वेळी घ्यायची गोळी नाही ही. सुरुवातीला एकदा पहाटे बाथरूमला उठले तर डोळ्यांपुढे अंधारी आली, दाराची कडी धरून उभी राहिले. बीपी उतरतं. दारू घेत असशील तर डॉक्टरांना आधी सांग, त्याने चक्कर येऊन पडायला होतं. ८ आठवड्यांत फरक नाही पडला तर बंद करायची. मला पडला, आपणहून जवळ जावंसं वाटू लागलं.

तर्कट: गोळीचा फार गवगवा झालाय. चाचण्यांमध्ये नकली गोळीच्या तुलनेत महिन्याला सरासरी अर्धा ते एक समाधानकारक संबंध जास्त, एवढाच फरक. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मंजुरी देणारी संस्था) २०१० आणि २०१३ मध्ये परत पाठवली, २०१५ मध्ये मंजूर केली. मुळात डिप्रेशनसाठी बनवत होते.

दीपमाळ: सरासरीत माझ्यासारख्याही आल्या आणि काहीच फरक न पडलेल्याही. ज्यांना गुण येतो त्यांना कमी लेखू नका.

रानवारा: मग टेस्टोस्टेरॉनचं जेल?

तर्कट: त्याचा चांगला पुरावा पाळी गेलेल्या बायकांपुरताच आहे. ही ३६ची आहे.

मृण्मयी: इच्छेसाठी ब्रेमेलॅनोटाइडचं इंजेक्शनही आहे, २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं. किमान ४५ मिनिटं आधी पोटावर किंवा मांडीवर स्वतःच टोचायचं. पण मळमळ फार, चाचणीत १०० पैकी ४० जणींना झाली. बीपी आटोक्यात नसेल किंवा हृदयविकार असेल तर मुळीच नको.

अबोली: दीडेक वर्ष झालं, त्याआधी सगळं छान होतं. बाळ नाही. थायरॉइड नॉर्मल, प्रोलॅक्टिन केलेलं नाही. एन्झायटीसाठी एस्सिटालोप्रॅम चालू आहे, साधारण तेवढेच दिवस. अधूनमधून यीस्ट इन्फेक्शन होतं, त्याला फ्लुकोनॅझोल. आता गोळीचं सांगा ना!

सायली_क: अगं, एस्सिटालोप्रॅमने इच्छा मंदावणं अगदी नेहमीचं आहे. फ्लिबॅन्सेरिन दुसऱ्या औषधामुळे गेलेल्या इच्छेसाठी नाहीच. आणि फ्लुकोनॅझोलबरोबर घेतलंस तर रक्तातलं प्रमाण खूप वाढून बीपी धाडकन उतरेल, ती जोडी सक्त मना आहे. आधी मानसोपचारतज्ज्ञांना विचार. डोस कमी करतात, औषध बदलतात किंवा जोडीला बुप्रोपिऑन (डिप्रेशनचं दुसरं औषध) देतात. तोवर एस्सिटालोप्रॅम मनाने बंद करू नकोस, गरगरणं आणि चिडचिड जीव नकोसा करते.

तर्कट: सायलीला अनुमोदन.

रानवारा: गोळ्याच नकोत खरं तर. समुपदेशन घे.

दीपमाळ: @रानवारा, एन्झायटीचं औषध 'नको' म्हणणारे तुम्ही कोण?

अबोली: सायली, इतकं स्पष्ट कुणी सांगितलंच नव्हतं. याच आठवड्यात डॉक्टरांना भेटते, प्रोलॅक्टिनही करून घेते. भीती एकच, औषध बदललं आणि ती रात्रीची धडधड परत आली तर? एस्सिटालोप्रॅम चालू ठेवून जोडीला बुप्रोपिऑन घेतलेल्या कुणी असाल तर तेवढं लिहा.