मदत हवी आहे: बोटीवर प्रोपेन सिलिंडरसाठी हवाबंद पेटी बांधतोय, निचरा कुठून काढू?

शिडाची जुनी फायबरग्लास बोट आहे. स्वयंपाकासाठी प्रोपेन बसवायचाय, पण मूळ बांधणीत सिलिंडरला जागाच ठेवलेली नाही. म्हणून कॉकपिटच्या (बोट हाकायला बसायची मागची उघडी जागा) बाकाखालचा कप्पा अर्धा तोडून त्यात पेटी बांधायला घेतली आहे.

प्रोपेन हवेच्या साधारण दीडपट जड. गळला की उतार धरून बुडाशी जाऊन बसतो, आणि हवेत त्याचं प्रमाण 2 टक्क्यांच्या थोडं वर गेलं की एक ठिणगी पुरते. त्यामुळे पेटी बोटीच्या आतल्या बाजूने पूर्ण हवाबंद, झाकण फक्त वरून आणि तळातून थेट बोटीबाहेर जाणारी नळी, एवढं ठरलंय. समोरून दार ठेवलं असतं तर सिलिंडर काढणं सोपं झालं असतं, पण दार उघडताच साचलेला गॅस पायाशी सांडेल.

मरीन प्लायवूड कापून झालंय. सांध्यांना आतून इपॉक्सीची गोलाई, वर ग्लासटेप (काचतंतूची पट्टी), मग सगळीकडे इपॉक्सीचे हात असा बेत आहे. अडलंय ते असं:

१. निचऱ्याची नळी बोटीच्या बाजूने काढली तर अगदी आखूड होते, पण वारा भरला की ती बाजू पाण्यात जाते. बोटीच्या मागच्या भिंतीतून काढली तर लांब पडते आणि तिथे इंजिनाचा एक्झॉस्ट आहे.
२. गॅसची होज (लवचिक नळी) आणि सोलेनॉइडच्या (गॅस चालू-बंद करणारी विजेवरची झडप) वायरी पेटीच्या भिंतीतून जाणार. त्या भोकांत सिलिकॉन भरलं तर चालेल का?
३. पेटी खरोखर हवाबंद झाली हे तपासायचं कसं?

प्रतिसाद

बाजूचा विचार सोडा. बोट कलल्यावर तोंड पाण्याखाली गेलं की निचरा बंद, आणि नेमका तेव्हाच गॅस गळला तर जाणार कुठे? मागच्या भिंतीतून काढा, जितकं मध्याजवळ आणि उंच जमेल तितकं. एबीवायसी या बोटींची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या मानकात नळीचा आतला व्यास किमान अर्धा इंच लागतो. बोटींवरच्या गॅसच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयएसओ 10239 मध्ये, 19 मिमी आहे, तोच धरा. अर्ध्या इंचाची नळी पानांनी आणि मिठाने तुंबते. बाहेरचं तोंड एक्झॉस्टपासून आणि बोटीत उघडणाऱ्या कुठल्याही भोकापासून किमान 20 इंच लांब हवं.

लांबीपेक्षा उतार महत्त्वाचा. नळीला कुठेही झोळ पडला की तिथे पाणी साचतं आणि गॅसची वाट अडते. उतार मिळत नसेल तर पेटीचा तळ उचला. कॉकपिटच्या निचऱ्याला ही नळी जोडू नका.

प्रतिसाद

भोकांत सिलिकॉन नको. होज हलत राहते, सिलिकॉन सुटतं, आणि एकदा लावलं की त्या जागी दुसरं काही नीट चिकटत नाही. होज आणि वायर, दोन्हींसाठी हवाबंद ग्लँड (भोकात बसून होज किंवा वायर घट्ट आवळणारं फिटिंग) मिळतात, ते घ्या आणि जमतील तितके वर बसवा. होज पेटीपासून शेगडीपर्यंत अखंड हवी, मध्ये एकही जोड नको. पुढेमागे दुसरं उपकरण आलं तर फाटा पेटीतच काढून दुसरी होज न्यायची.

इपॉक्सी सुकल्यावर वर मेणचट थर येतो. तो साध्या पाण्याने धुऊन, घासून मगच पुढचा हात द्या.

धागाकर्ता

मागची भिंत नक्की. तळ थोडा उचलला तर सरळ उतार मिळतोय आणि एक्झॉस्टपासूनचं अंतरही बसतंय. तपासणीचं कोणी सांगेल का?

प्रतिसाद

आधी पेटीला पाण्याची टाकी समजा. निचऱ्याला बूच मारा, ग्लँड बुडतील इतकं पाणी भरा, पातळीवर खूण करून रात्रभर ठेवा. सकाळी बाहेरून सांध्यांवर हात फिरवा. पाणी अडवणाऱ्या फटीतून गॅस निसटू शकतो, म्हणून नंतर झाकण लावून, निचऱ्याच्या नळीतून तोंडाने हलकी फुंकर मारत बाहेरून साबणाचं पाणी लावा. बुडबुडा दिसला तर तिथे पुन्हा ग्लासटेप. झाकणालाही गॅस्केट आणि घट्ट कडी हवी, नाहीतर गॅस कॉकपिटमध्ये येऊन पायऱ्यांवरून केबिनमध्ये उतरेल.

गॅसलाइनचं वेगळं. रेग्युलेटरच्या आधी प्रेशर गेज बसवा. शेगडीच्या चाव्या बंद, सोलेनॉइड चालू, सिलिंडर उघडून परत बंद करायचा आणि काटा बघत बसायचं. 3 मिनिटांत तो जरासुद्धा उतरता कामा नये. बरेच जण सोलेनॉइड बंद ठेवून हे करतात, मग तपासणी पेटीपुरतीच होते आणि केबिनमधली होज राहून जाते. साबणात अमोनिया नसावा, पितळेच्या फिटिंगना तडे जातात.

प्रतिसाद

तयार झालेल्या पेटीत दोर, बॅटरी, नांगराची साखळी असलं काही ठेवू नका. रिकामी जागा दिसली की ती भरते, आमच्याकडे तरी हेच होतं. सिलिंडर उभाच बांधायचा, आणि स्टीलचा असेल तर खाली जाळी द्या, नाहीतर बूड गंजतं आणि गंजाचा चिखल निचऱ्याच्या भोकात जातो.

धागाकर्ता

दोर ठेवायचा विचार होता, आता नाही. गॅस डिटेक्टरचा सेन्सर शेगडीखाली लावू की बिल्जमध्ये (बोटीच्या बुडाशी पाणी साचणारी पोकळी)?

प्रतिसाद

शेगडीखाली, खाली जमिनीलगत. बिल्जमध्ये पाणी लागून सेन्सर मरतो. दुसरा सेन्सर परवडत असेल तर इंजिनाच्या खोलीत, तळापासून थोडा वर.