हार्मोनियमवरून पियानो, पुढे जॅझ: ग्रुप क्लास लावू का?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर): मी हार्मोनियम वाजवते, डावा हात कायम भात्यावर. ग्रुप क्लासमध्ये जॅझपर्यंत जाता येईल का?

उत्तर १: नक्की लावा, ताई. घरी ८८ पट्ट्यांचा, वजनदार पट्ट्यांचा कीबोर्ड असू द्या. डाव्या हाताने आधी नुसते कॉर्ड (एकत्र वाजवायचे तीन-चार सूर), मेट्रोनोमवर (ठोक्यांनी लय देणारं यंत्र), अगदी सावकाश.

उत्तर २: जॅझला तर ग्रुपच हवा! आमच्या बर्डीच्या (सीताबर्डी) क्लासात एकजण बेस म्हणजे खालचे सूर धरतो, दुसरा डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन हे कॉर्ड फिरवतो, तिसरा त्यावर सुचेल ते वाजवतो. स्विंगमध्ये, म्हणजे जॅझच्या झुलत्या लयीत, सुरांच्या जोडीतला पहिला सूर लांब, दुसरा आखूड. हे कागदावरून येत नाही, शेजारच्याचं ऐकूनच हातात बसतं.

प्रश्नकर्ती: बर्डी जवळच आहे. रविवारची बॅच असते का?